जिराफ बाहेर, हिरडा आत

नोकरी संपवून माहेरच्या गावी राहायला आले तेव्हा मी एक गोष्ट ठरवली होती. यापुढे कुठल्याही समितीवर जायचं नाही. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात असताना मी बऱ्याच समित्या पाहिल्या होत्या. त्यांत एक वाचनसंस्कृती समितीही होती. तिच्या बैठका वाचनकक्षात होत, म्हणून त्या दिवशी वाचनकक्ष बंद ठेवावा लागे.

आमचं गाव बोरी बुद्रुकपासून फार लांब नाही. कालव्याचं पाणी आहे, त्यामुळे ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. टोमॅटोला मधूनमधून भाव मिळतो, त्यामुळे बंगले आहेत आणि बंगल्यांच्या फाटकांवर सिमेंटचे सिंह आहेत. माहेरी परत आलेली बाई मोठ्यांची ताई आणि लहानांची आत्या होते, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. शाळेतली पोरं मला पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणायला लागली.

त्या पावसाळ्यात मुख्याध्यापक सर घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, वरून आलंय."

वरून आलं होतं ते असं. प्रत्येक शाळेनं मुलांच्या सहभागातून एक बाग करायची. बाग साधी नको, तिला थीम हवी. थीम मुलांनीच ठरवायची. आणि मग साहेब बघायला येणार.

"मुलं ठरवणार आहेत तर मी कशाला?"

"मुलांनी काय ठरवायचं ते ठरवायला कुणीतरी लागतं ना, मॅडम. तुमचं वाचन आहे."

माझं वाचन आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नाही. बागेसाठी असावं असं त्यांना वाटलं. मी नाही म्हणणार होते, पण तेवढ्यात फाटकातून आणखी एक पाहुणे आले आणि माझं नाही तोंडातच राहिलं. हे आमच्या सरपंचांचे यजमान. सरपंच बाई आहेत आणि त्या दिवसभर शेतात असतात. त्यामुळे त्या पदाची भाषणं, फोटो आणि पुढच्या रांगेतली खुर्ची हे सगळं यजमानांना सांभाळावं लागतं.

"ताई, थीम पोरांना ठरवू द्या, आपली काय हरकत न्हाई. फकस्त त्यात जिराफ पाहिजे."

"जिराफ?"

"सिमेंटचा. ओझरला दर्शनाला जाताना रस्त्याला बघितला. ऑर्डर दिलीया."

"पण जिराफच का?"

"लांबनं दिसतो ना! रोडनं जाणाऱ्याला कळलं पाहिजे, हितं बाग हाये."

अशा रीतीनं जिराफ आधी ठरला आणि थीम नंतर शोधायची राहिली.

बागेसाठी शाळेमागची जागा होती. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्त्याची, मध्ये मोडके बाक आणि गवत. जमीन एका अंगाला उंच आणि दुसऱ्या अंगाला उतरती. मी तिसरी-चौथीच्या वर्गात गेले. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. तुम्हाला कसली बाग हवी, असं मी विचारलं. माझ्या मनात फुलपाखरांची बाग, औषधी बाग, असलं काहीतरी होतं. पोरांच्या मनात ते नव्हतं.

"लग्नाची बाग!" एक जण ओरडला. "मधी स्टेज, कडंनी लायटिंग, भायेर डीजे."

"आणि झाडं?"

"झाडांना पत्रिका द्यायची."

दुसऱ्याला टोमॅटो मार्केटची बाग हवी होती. ती कशी दिसेल हे समजावून सांगण्यासाठी त्यानं आणि त्याच्या मित्रानं लगेच लिलाव सुरू केला. क्रेट हाताशी नव्हतं म्हणून माझी पर्स लिलावाला काढली. ती कुणाला गेली ते कळायच्या आत मी काढून घेतली. एकाला जेसीबीची बाग हवी होती. त्यात फक्त खड्डे असणार होते. एक पोरगी म्हणाली, बिबट्याची बाग करू. पुढं पिंजरा, पिंजऱ्यात कोंबडी, मागं ऊस.

"आणि बिबट्या कुठून आणायचा?"

"त्याला कशाला आणायचं? तो येतो की आपला आपला."

या बागेसाठी कुणी हात वर केला नाही. ही बाग आमच्या शिवारात जागोजागी तयारच आहे, शाळेत आणखी एक नको, असं सगळ्यांनाच वाटलं असावं.

तेव्हा खिडकीशी बसलेली तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "राई करा."

ही मुलगी आंबेगाव तालुक्यातली, तिकडं वर डोंगरात आहुप्याच्या बाजूची. तिच्या वाडीतली शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली, म्हणून ती आमच्या गावात मावशीकडे राहत होती. मावशी आणि काका इथल्या एका बागायतदाराच्या रानात कामाला होते. मी तिला ओळखत होते ते तिच्या डब्यामुळे. तेलाचा कापलेला डबा, त्यात माती, आणि मातीत बोटभर उंचीचं रोप. रोज ती तो डबा शाळेत आणायची आणि व्हरांड्यात सावली-ऊन बघून ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, कसलं आहे गं?

"हिरडा. घरच्या झाडाचा हाय."

येताना तिनं घरून हिरड्याच्या बिया आणल्या होत्या. बऱ्याच रुजल्याच नाहीत. एक रुजली, ती तिनं बांधावर लावली. मालकानं तणनाशक फवारलं, तेव्हा ती गवताबरोबर जळून गेली. हे रोप दुसरं. तिसरं नव्हतं.

"मावशी म्हणती, बांधावर नको लावू, मालक परत मारणार. डब्यात तर किती दिवस राहील? मूळ खाली टेकलंय."

त्यामुळे राई करा असं ती म्हणाली तेव्हा तिला काय हवंय ते मला कळलं. बाकीच्यांना कळलं नाही.

"कसली राई?" जेसीबीवाला म्हणाला.

"देवराई. आमच्याकडं हाय, लई मोठी. तिथं कोण कायच करत नाय."

"पाणी घालायचं?"

"नाय."

"खुरपायचं?"

"नाय. पान तोडायचं नाय. खाली पडलेली काटकीबी घरी न्यायची नाय. चप्पल घालून आत जायचं नाय."

"आन् केलं तर?"

तिनं जरा विचार केला. "म्हाईत नाय. कोण करतच नाय ना."

वर्गात एकदम उत्साह पसरला. जिच्यात काहीच काम करायचं नाही अशी बाग असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाची बाग, मार्केटची बाग सगळी मागे पडली आणि राई एकमतानं मंजूर झाली. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतका एकमुखी ठराव पाहिला नव्हता.

मग फळ्यावर आराखडा काढला. मी मध्यभागी देवाचा दगड काढला आणि भोवती गोल झाडं. मुलगी उठून आली. तिनं दगड पुसला आणि उंच अंगाला, अगदी कडेला काढला. त्याच्या बरोबर खाली, उताराला, एक छोटं रोप काढलं.

"मध्ये चांगला दिसला असता," मी म्हटलं.

"देव वर आसतो. झाडं खाली."

परंपरा म्हटलं की मी गप्प बसते. आयुष्यभर पुस्तकांत राहिल्याचा तो एक तोटा आहे.

रोपं लागली. पोरांनी घरून तुळस, कण्हेर, करंज असं काय काय आणलं. टोमॅटो कुणी आणू नका असं सांगूनही टोमॅटो आला. हिरडा डब्यातून जमिनीत गेला. त्याच्या वरच्या अंगाला, कडेला, दगड ठेवायचा होता. सरांनी कागदावर 'प्रतीकात्मक दगड' असं लिहिलं होतं. शाळेचं फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक दगड लावलेला असायचा, तोच पोरांनी उचलून आणला. इथपर्यंत सगळं नीट होतं.

पण प्रतीकात्मक म्हणजे काय ते पोरांना कुणी शिकवलेलं नाही. एकानं घरून शेंदूर आणला, एकीनं तेल आणलं, आणि मी आणि सर आत चहा पीत असताना दगड लाल झाला. कुणीतरी नारळही फोडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा पोरं हात जोडून उभी होती आणि आम्हाला खोबरं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापुढे झेंडूचं फूल होतं. खुरपायला जाणाऱ्या बायकांनी जाताजाता वाहिलं होतं. मग हळदीकुंकू आलं, उदबत्ती आली. श्रावण संपेपर्यंत दगडाला एक छोटी घंटा मिळाली. रोज सकाळी मुलगी शाळेत यायची, हापशावरून तांब्या भरायची आणि देवाला आंघोळ घालायची. तिचं बघून बायकाही घालायला लागल्या. आता फाटकाला दुसरा दगड लावला होता. त्यालाही एक आजी येताजाता नमस्कार करायची, उगाच नंतर बोलणं नको म्हणून.

भाद्रपदात जिराफ आला. पिकअपमध्ये आडवा, मान बाहेर काढून. आत जायची वाट दगडाजवळूनच होती. पिकअपवाल्यानं गाडी मागं घेत आणली, आरशातून दगड पाहिला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून हात जोडले.

"मी न्हाई आत गाडी घालणार, राव."

"आरं, परवापत्तूर फाटकाचा दगड व्हता त्यो!" सरपंचांचे यजमान म्हणाले. "मी सोता त्याला लाथ मारून फाटक उघडलंय!"

"मारली आसंल," पिकअपवाला म्हणाला, आणि त्यांच्या पायाकडे काळजीनं बघितलं. "दुखतोय का काय?"

यजमानांनी पायाकडे बघितलं. त्यानंतर काही दिवस ते लंगडत होते असं लोक म्हणतात. मला तसं दिसलं नाही, पण चाल जरा जपून होती एवढं खरं.

जिराफ राईच्या बाहेर, शाळेच्या मुतारीपाशी उतरवला. कलायला लागला म्हणून त्याला विजेच्या खांबाला दोरीनं बांधला. रस्त्यावरून त्याचं फक्त डोकं दिसायचं, भिंतीवरून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. लांबनं दिसतो हे यजमानांचं म्हणणं खरंच होतं.

पाऊस चांगला झाला, आणि राईत गाजरगवत माजलं. नियमाप्रमाणे त्याला कुणी हात लावला नाही. कण्हेर दिसेनाशी झाली, तुळस दिसेनाशी झाली. मुलगी मात्र रोज गवत न मोडता वाकून आत बघायची आणि हिरडा आहे की नाही एवढं पाहून यायची.

मग साहेब येणार असं कळलं. तारीख ठरली, रद्द झाली, पुन्हा ठरली, आणि शेवटी दसऱ्याच्या आधी, कडक उन्हाच्या दिवसांत, ती पक्की झाली. आदल्या संध्याकाळी सर माझ्याकडे आले.

"मॅडम, गवत."

खुरपणाऱ्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, "न्हाई बाई, मला लेकरंबाळं हायेत." दुसरी म्हणाली, "मला न्हाईत, पन पायजेत."

सकाळी राईपाशी यजमान तोडगा घेऊनच आले. बरोबर एक माणूस, त्याच्या खांद्याला पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र.

"ताई, नियम काय हाये? हात लावायचा न्हाई. ह्यात हात लागतोय का? पातं फिरतंय. पाच मिनटात सगळं जमिनीबरूबर."

सगळं म्हणजे सगळंच. गुडघ्याएवढ्या गवतात वीतभर हिरडा कुठे आहे ते त्या पात्याला कोण सांगणार? मी यजमानांना म्हटलं, आत मुलांची रोपं आहेत. ते म्हणाले, "नवी आणू की. नर्सरीतनं भारीतली आणू." मुलगी राईच्या तोंडाशी उभी होती, हातात रिकामा तांब्या. माणसानं यंत्राची दोरी ओढली. यंत्र खोकलं.

"देवाला विचारा की," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्याकडं इचारतात. देवाच्या रानात काय करायचं आसंल तर कौल लावतात."

यंत्रवाल्यानं ताबडतोब यंत्र बंद केलं. त्याला बहुधा असं कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. "मालक, इचारून घ्या. आपल्याला उगं नंतर नको."

गावात यावर दुमत होण्यासारखं काही नव्हतं. भैरवनाथाच्या देवळातल्या गुरवाला बोलावणं गेलं. गुरव आले, दगडापुढे बसले आणि पहिला प्रश्न विचारला.

"देव कोनता?"

कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणाले, "प्रतीकात्मक." गुरवांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाव कळल्याबिगर गाऱ्हाणं कुनाला घालू?"

"अजून बारका हाय तो," मुलगी म्हणाली. "नाव नाय ठेवलं."

गुरवांनी डोळे मिटून विचार केला आणि मान डोलावली. कामाचा माणूस होता. "बाळदेवा," त्यांनी सुरुवात केली, "ही तुजी लेकरं तुज्या रानातलं गवत काढावं का म्हनून इचारत्यात. काढायचं आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा." मग पांढऱ्या फुलाची एक कळी ओली करून त्यांनी दगडाच्या माथ्याशी चिकटवली. उजवीकडे पडली तर परवानगी, डावीकडे पडली तर नाही. आम्ही वाट बघू लागलो.

तेवढ्यात साहेब आले.

दोन गाड्या, मागे एक फोटोग्राफर. साहेब उतरले, शाल-श्रीफळ झालं, आणि ते बागेकडे निघाले. राईच्या तोंडाशी सगळे अनवाणी उभे दिसल्यावर त्यांनीही बूट काढले.

"आत जायचं ना?"

"जरा थांबा साहेब," यजमान हलक्या आवाजात म्हणाले. "कौल लागलाय."

साहेबांना कौल माहीत होता, ते याच भागातले असावेत. ते थांबले. ते थांबले म्हणून बाकीचे साहेब थांबले. राईच्या तोंडापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवलेत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते तव्यासारखे तापतात. साहेबांनी एक पाय उचलला, मग तो टेकवून दुसरा उचलला. त्यांचं बघून सर्वांनीच सुरू केलं. लांबून पाहिलं असतं तर पाहुण्यांच्या स्वागताला नाच बसवलाय असं वाटलं असतं. जिराफ लांबून बघत होताच.

कळी पडेना. पोरांनी दगडाला तेल-शेंदराचे इतके थर चढवले होते की कळी त्यात रुतली होती.

वेळ जावा म्हणून सरांनी लग्नाच्या बागेवाल्याला पुढे केलं. त्यानं भाषण पाठ केलं होतं. "सन्माननीय साहेब, आमच्या बागेची थीम आहे काहीच न करणे. आम्ही तीन महिने रोज काहीच केलं न्हाई. यात सर्व विद्यार्थ्यांनी सहभाग घेतला."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पाय बदलला, आणि गुरवांकडे वाकून विचारलं, "साधारण किती वेळ लागतो?"

"देवाच्या मनावर हाये. एकदा लग्नाचा कौल सांजंपत्तूर पडला न्हवता."

"मग?"

"पोरीनंच दुसरा बघितला."

माझं लक्ष मुलीकडे होतं. ती कळीकडे बघत नव्हती. यंत्राकडे बघत होती.

साहेबांना पुढची शाळा होती. शेवटी त्यांनी बूट हातात घेतले आणि सगळी मंडळी सावलीला, म्हणजे जिराफाकडे, गेली. जिराफाच्या पुढच्या पायांना फीत बांधली आणि कापली. त्याच्या शेजारी साहेबांच्या हस्ते एक शोभेचा पाम लागला. यजमानांचा फोटो निघाला, त्यात साहेबांच्या मागे जिराफाचे पाय आहेत. गाड्या गेल्या. यंत्रवाल्याला दुसरीकडे काम होतं, तोही गेला. गुरव चहाला गेले. यजमान जाताना म्हणाले, "ताई, कळी काय म्हनती ते फोनवर सांगा. उजवी पडली तर उद्या त्याला परत बोलीवतो."

राईपाशी मी आणि मुलगी राहिलो. ती दगडासमोर बसली होती, मी भिंतीच्या सावलीत.

कळी पडली. सावकाश घसरली, शेंदराची रेघ ओढत गेली आणि पडली. उजवीकडे.

मुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, तुमी बघितली?"

"नाही गं," मी म्हटलं. "चष्मा नाही माझ्याकडे."

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली, कळी उचलून देवाच्या माथ्यावर होती तिथे दाबून बसवली, तांब्या भरून आणला आणि त्याला आंघोळ घातली, सकाळी एकदा झालेली असूनही. पाणी दगडावरून ओघळलं, उतारानं एका बारीक पाटातून निघालं, गवताखालून गेलं आणि हिरड्याच्या आळ्यात जाऊन थांबलं. पाट नीट बोटानं कोरलेला होता, आणि कडा रोजच्या पाण्यानं गुळगुळीत झाल्या होत्या. देव वर, झाडं खाली.

मी संध्याकाळी यजमानांना फोन केला. अजून काही पडलेलं नाही, असं सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या मंग," ते म्हणाले. आवाजात जरा सुटका होती. "पायबी जरा बरा हाये आता."

बागेला नंबर मिळाला नाही. 'संकल्पना नावीन्यपूर्ण, देखभाल शून्य' असा शेरा आला, आणि सरांनी तो फ्रेम करून लावला, फक्त पहिले दोन शब्द दिसतील असा. साहेबांचा पाम पाण्याअभावी डिसेंबरात वाळला. जिराफाचा एक कान गेला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मुलगी हिरडे गोळा करायला घरी जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"बायका घालतात ना आंघोळ," मी म्हटलं.

"घालतात. पन कधी कधी नुसतं शिपडतात."

मी देव मानत नाही, आणि हे गावात सर्वांना माहीत आहे. तरी त्या एप्रिल-मे महिन्यांत मला शाळेमागे तांब्या घेऊन जाताना बऱ्याच जणांनी पाहिलं. एका आजीनं तर माझी पाठ थोपटली. "उशिरानं का व्हईना, सुचलं." मी वाकून पाट साफ केला आणि दुसरा तांब्या आणायला गेले, कारण ऊन फार होतं आणि पहिला आळ्यापर्यंत पोचला नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी आली, राईच्या तोंडाशी चप्पल काढली, गवत बाजूला न करता वाकली आणि बघितलं. हिरड्याला वर कोवळी तांबूस पानं आली होती.

"किती घातलं?" तिनं विचारलं.

"रोज दोन तांबे."

"लई झालं," ती म्हणाली. "आता पाऊस येनार. देवाला सर्दी व्हईल."